देवाशी समेट: परत परत येणारे प्रश्न

सगळ्यांना सलाम. दर वर्षी लेंट (ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ) सुरू झाला की माझ्या फोनवर हेच प्रश्न येतात, नाना पेठेतून, कॅम्पातून, वडगाव शेरीतून, पिंपरीतून, आणि मी प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसते. म्हणून या वेळी सगळं एका जागी लिहून काढलं. मी संडे स्कूलमध्ये शिकवते, थिऑलॉजी कॉलेजात जाऊन शिकलेली नाही, पण लिहिलेलं पाळकसाहेबांना वाचायला दिलं होतं आणि त्यांनी दोन ठिकाणी सांगितलेल्या दुरुस्त्या केल्यात.

१. समेट म्हणजे नक्की काय? तडजोड आणि समेट एकच ना?

एकच नाही. कोर्टात किंवा लोक अदालतीत बहुतेक वेळा होते ती तडजोड, म्हणजे तू थोडं सोड, मी थोडं सोडतो, सह्या करू आणि आपापल्या घरी जाऊ. सह्या झाल्यावर ती दोन माणसं एकमेकांकडे चहाला जातीलच असं नाही. समेटात मात्र तुटलेलं नातंच परत जुळतं, चहाला जाणं परत सुरू होतं. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित पौल जो ग्रीक शब्द वापरतो तो आहे कातालागे. मूळ अर्थ अदलाबदल, एका प्रकारची नाणी देऊन दुसरी घेणं, आणि त्यावरून वैर जाऊन त्या जागी मैत्री येणं. रोमकरांस पत्र ५:१०-११ आणि २ करिंथ ५:१८-२१ या दोन जागा शांतपणे वाचा, बाकी सगळं यातूनच निघतं. आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकोबद्दल बोलताना (१ करिंथ ७:११) पौल याच शब्दाचं क्रियापद वापरतो, म्हणजे हा घरात रोज वापरायचा शब्द आहे, देवळापुरता ठेवलेला नाही.

२. पण मी देवाशी कधी भांडलोच नाही, मग समेट कशाचा?

हा प्रश्न बहुतेक वेळा चांगल्या, सरळ माणसांकडून येतो. भांडण म्हणजे आरडाओरडा असं आपण धरून चालतो, पण घरात सगळ्यात वाईट भांडण अबोल्याचं असतं. समोरासमोर ताट वाढलं जातं, कोणी कोणाला काही बोलत नाही, आणि बाहेरच्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम-हव्वा देवाशी भांडत नाहीत, ते झाडांमागे लपतात. आणि देव त्यांना पहिला प्रश्न विचारतो तो 'काय केलंस' असा नाही, 'तू कोठे आहेस' असा. मला वाटतं पापाची सगळी गोष्ट त्या लपण्यातच आली. चोरी, खोटं बोलणं, दुसऱ्याला तुच्छ मानणं हे सगळं आहेच, पण त्याच्या मुळाशी देवाला आपल्या आयुष्याबाहेर उभं करणं आहे, आणि ते चांगल्या पगाराच्या, शांत स्वभावाच्या, रोज सकाळी पर्वतीवर चालायला जाणाऱ्या माणसाकडूनही होतं. पौल यासाठी 'शत्रू' हा कडक शब्द वापरतो, पण कुठे वापरतो ते बघा, आपण शत्रू असतानाच देवाने समेट केला या वाक्यात.

३. म्हणजे देव रागावलेला होता आणि येशूने मध्ये पडून त्याला शांत केलं, असंच ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

पौलाचं व्याकरण बघा. जुन्या ग्रीक जगात माणसं देवाला राजी करायची, नैवेद्य दाखवायची, मग देव निवळायचा. कॅथलिक बायबलात मक्काबींचं दुसरं पुस्तक आहे, तिथेसुद्धा देव आपल्या लोकांशी परत जुळवून घेवो अशी भाषा आहे. पौल तोच शब्द घेतो आणि वाक्य उलटं फिरवतो. त्याच्याकडे समेट करणारा देव आहे आणि ज्यांचा समेट होतो ते आपण. देवाचा कोणीतरी समेट घडवून आणला असं तो एकदाही लिहीत नाही. ज्याचा अपमान झाला तोच उठून निरोप पाठवतो!

लूक १५ मध्ये हेच चित्र आहे. आपला हिस्सा घेऊन गेलेला आणि सगळा उडवून घरी परत निघालेला उधळ्या मुलगा, त्याने रस्त्यात भाषण पाठ केलंय, बाबा मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. त्या काळात वयस्क, मानाचा माणूस गावासमोर धावत नसे. मग मुलगा भाषण सुरू करतो, पहिली दोन वाक्यं होतात, आणि मोलकऱ्याचं वाक्य यायच्या आत बाप नोकरांना अंगरखा आणायला सांगतो. मी हा भाग मुलांना शिकवते तेव्हा ते तिसरं वाक्य फळ्यावर लिहून त्यांना गोष्टीत शोधायला लावते. सापडत नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मग देवाचा राग खोटा का? नाही. रोम १:१८ मध्ये देवाचा क्रोध स्पष्ट लिहिलाय आणि तो पुसायचा नाही. लहान पोरीवर अत्याचार झालेला वाचून ज्या देवाला काहीच वाटत नाही त्याच्याशी समेट करून तरी काय उपयोग? पण रागावलेला बाप एका बाजूला आणि प्रेमळ मुलगा दुसऱ्या बाजूला अशी फाळणी करू नका. योहान ३:१६ मध्ये प्रीती पित्याची आहे, पाठवणारा तोच आहे. आणि कृपा करून ते रेल्वेच्या पुलाचं उदाहरण प्रवचनात वापरणं थांबवा, ज्यात बाप गाडीतली माणसं वाचवायला पूल खाली करतो आणि त्याचा मुलगा नकळत चिरडला जातो. त्यातल्या मुलाला काही माहीतच नसतं. येशू म्हणतो माझा जीव कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो (योहान १०:१८).

४. पण मग वधस्तंभ (क्रूस) कशाला? देव नुसतं 'जा, माफ केलं' म्हणू शकला नसता का?

समजा तुमच्याकडून कोणी चाळीस हजार उसने नेले आणि बुडवले. तुम्ही मोठ्या मनाने म्हणालात, जाऊ दे. ते पैसे कुठे गेले? तुमच्या खिशातून गेले, त्या महिन्याची पोराची फी तुम्ही दुसरीकडून उभी केलीत. माफी समोरच्याला फुकट मिळते, देणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. वधस्तंभावर ती किंमत स्वतः देवाने मोजली, असं ख्रिस्ती शिकवण म्हणते.

ती नक्की कशी मोजली यावर चर्चने दोन हजार वर्षं विचार केलाय. येशू स्वतः 'खंडणी' हा शब्द वापरतो (मार्क १०:४५), म्हणजे गुलामाला सोडवायला भरायची रक्कम. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अन्सेल्मने मांडलं की पापाने देवाचा मान हिरावला, तो भरून देणं माणसाचं कर्तव्य आणि ताकद फक्त देवाची, म्हणून देव-मनुष्य हवा. त्याच्या मागोमाग आबेलार म्हणाला की ते प्रेम बघून माणसाचं मन पालटतं. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी, विशेषतः कॅल्विनने, आपली शिक्षा ख्रिस्ताने आपल्या जागी सोसली यावर जोर दिला. विसाव्या शतकात स्वीडनच्या गुस्ताफ आउलेनने सगळ्यात जुना विचार परत पुढे आणला, की पाप, मरण आणि सैतान यांच्यावर हा विजय आहे. निकियाच्या मतांगीकारात (उपासनेत म्हणतो तो विश्वासाचा जुना जाहीरनामा) यातलं कुठलंच एक निवडलेलं नाही, फक्त 'आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी' एवढंच आहे, आणि मला ते योग्य वाटतं. एकच उत्तर धरून बाकीच्यांना खोटं ठरवणारे मेसेज फॉरवर्ड होत असतात, त्यांच्या मागे लागू नका.

५. प्रायश्चित्त आणि समेट, दोन्ही शब्द बायबलात आहेत. फरक काय?

पुण्यात हा फरक समजायला लांब जावं लागत नाही. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये कार्यक्रम झाला, पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली, काहींनी घेतली, पुढे त्यांची नावं छापून आली आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांची नावं त्यात होती, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. म्हणजे मराठी कानाला प्रायश्चित्त म्हटलं की ऐकू येतं ते असं, चूक झाली असं ज्याच्याबद्दल ठरलं त्याने स्वतः विधी करायचा, मग समाज त्याला परत पंक्तीत घेणार.

बायबलात प्रायश्चित्त लेवीय १६ मध्ये येतं. वर्षातून एकदा, दोन बकरे, एक अर्पण करायचा आणि दुसऱ्यावर लोकांची पापं कबूल करून त्याला रानात सोडायचा. यहुदी लोक हा दिवस, योम किप्पुर, आजही उपवास करून पाळतात, आपल्या कॅम्पातलं लाल देऊळ म्हणजे १८६७ चं ओहेल डेविड सिनेगॉग त्याच परंपरेतलं. तिथे वाट देवानेच दाखवलेली होती हे लक्षात घ्या, लोकांनी शोधून काढलेली नव्हती. इब्री लोकांस पत्र म्हणतं की ख्रिस्ताने हे एकदाच आणि कायमचं केलं. तर प्रायश्चित्त म्हणजे अडथळा दूर होणं, आणि समेट म्हणजे अडथळा गेल्यावर दोघं परत एकत्र बसणं. आपल्याकडे पंक्तीत कोण बसणार यावर एवढं रामायण झालं, तिथे येशू लोक ज्यांना पापी म्हणून टाळत त्या जकातदारांच्या, म्हणजे कर गोळा करणाऱ्यांच्या, पंक्तीला बसत होता, हे मला फार जवळचं वाटतं.

६. माझी वहिनी कॅथलिक आहे, ती फादरकडे कन्फेशनला (पापं कबूल करायला) जाते. आम्ही सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) का जात नाही?

कॅथलिक शिकवणीत बाप्तिस्म्यानंतर झालेल्या पापासाठी हा संस्कार आहे आणि त्याचं एक नावच समेटाचा संस्कार असं आहे. आधार योहान २०:२३. वर्षातून एकदा तरी जायचं हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मोठ्या सभेचा. फादर जे शब्द उच्चारतात त्यांची सुरुवातच पित्याने पुत्राच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने जगाचा आपल्याशी समेट केला इथून होते, म्हणजे क्षमा देवाची, फादर सेवक. आणि ऐकलेलं त्यांनी कुणालाही सांगायचं नसतं, पोलिसांनासुद्धा नाही.

आपल्याकडे उपासनेत सगळे मिळून पापांची कबुली देतो आणि पाळक क्षमेचं वचन जाहीर करतात, आधार १ योहान १:९. पण खरं सांगू, याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतो, आणि आपण ते जवळजवळ सोडूनच दिलंय. मोठ्याने एका माणसासमोर बोलल्याशिवाय काही गोष्टी मनातून निघत नाहीत. पाळकांकडे एकट्याने जाऊन बोलायला आपल्याकडेही मनाई नाही. वहिनीशी यावरून वाद घालू नका. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्ग इथे लुथरन आणि कॅथलिक चर्चने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्यात, की माणूस नीतिमान ठरतो तो कृपेनेच, स्वतःच्या कमाईने नाही.

७. विश्वास ठेवला, बाप्तिस्मा झाला, तरी देव लांबच वाटतो. समेट झालाच नाही का?

समेट तुमच्या आजच्या मूडवर उभा नाहीये. रोम ५:१ म्हणतं देवाबरोबर शांती आहे, ती वाटतेय असं म्हणत नाही. उपाशीपोटी, झोप नसताना, परीक्षेच्या किंवा लेऑफच्या टेन्शनमध्ये देवच काय, घरचेही लांब वाटतात. एखादी गोष्ट लपवून ठेवली असेल तर वरचा प्रश्न ६ वाचा. आणि महिनोन्महिने सगळंच कोरडं, रडू येतंय, उठवत नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा, तो अविश्वास नाही.

८. भावाशी अबोला आहे. प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेऊ की नको?

इथे मी स्वतःचं सांगते. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून हक्कसोडपत्राचा विषय निघाला, मी सही केली नाही, आणि थोरल्या भावाशी तीन वर्षं बोलणं बंद. दर महिन्याला प्रभुभोजन घेत होते. एका रविवारी वाचन मत्तय ५:२३-२४ चं होतं, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्यात 'भावाच्या मनात' आहे. माझ्या मनात काय आहे हे विचारलेलंच नाही, आणि मी तीन वर्षं फक्त माझ्या मनात काय आहे तेच मोजत होते. छोट्या पेल्यांचा ट्रे आमच्या बाकापर्यंत आला तेव्हा मी उठून बाहेर आले, चपलांच्या ढिगापाशी उभी राहून फोन लावला. तीन-चार रिंग झाल्या. त्याने उचलला, थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "जेवलीस का?" सकाळचे साडेदहा वाजले होते.

वाटणी त्या दिवशी सुटली नाही. ती पुढे दीड वर्षाने सुटली, कागदोपत्री, माझा हिस्सा धरून. पण ती बोलत बोलत सुटली.

तुम्ही हात पुढे केला आणि समोरच्याने झिडकारला तर? रोम १२:१८ म्हणतं तुमच्याकडून होईल तेवढं. तेवढं करा आणि प्रभुभोजन घ्या.

९. नवरा मारतो. मंडळीतले (चर्चमधले) म्हणतात देवाने तुझ्याशी समेट केला, तूही कर, घरी जा.

ताई, असं सांगणाऱ्यांनी बायबल चुकीचं वाचलंय. देवाचा समेट पाप झाकून झालेला नाही, ते वधस्तंभावर सगळ्यांसमोर उघडं पडलं. मनातून क्षमा करणं ही एक गोष्ट, ती तुमच्या आणि देवाच्या मधली, तिला लागेल तेवढा वेळ लागू दे. परत एका छताखाली राहणं ही दुसरी, आणि तिला समोरच्याचा खरा, दिसणारा, टिकलेला पालट लागतो. तो दिसेपर्यंत तुम्ही वेगळं राहिलात तर देवाशी काही तुटत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तुमच्या बाजूने आहे, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर जवळ ठेवा, आणि आजच कुणाला तरी सांगा.

१०. एकाने आमची जमीन लाटली, आता तो चर्चमध्ये उभा राहून साक्ष देतो की देवाने मला माफ केलं. म्हणजे विषय संपला?

लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जकातदार जक्कयला विचारा (लूक १९). येशू आधी त्याच्या घरी आला, त्याने काही परत करायच्या आधी, ही कृपा. पण येशू घरात आल्यावर जक्कय उठून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. परतफेडीने समेट विकत मिळत नाही, पण समेट झालेला माणूस सातबारा दाबून बसत नाही. तुम्ही त्याला क्षमा करा आणि दावाही चालू ठेवा, दोन्ही एकत्र चालतं.

११. देवाने जगाचा समेट केला असं लिहिलंय, मग सगळ्यांचा झालाच की. विश्वास कशाला?

२ करिंथ ५:१९ मध्ये जगाचा समेट आहे आणि लगेच पुढच्या वचनात पौल विनवतो की देवाशी समेट केलेले व्हा. दोन्ही खरं. भावाने फोन उचलला तरी मी बोलले नसते तर? कलस्सै १:२० वरून शेवटी सगळेच तारले जातील अशी आशा ओरिगेनसारख्या जुन्या शिक्षकांपासून काहींनी धरलीये, बहुतेक चर्चेसनी ती शिकवण म्हणून मान्य केलेली नाही, कारण नाकारणाऱ्याला देव ओढून आत आणत नाही. उधळ्या मुलाच्या गोष्टीत थोरला भाऊ रागावून अंगणात उभा आहे, बाप त्याच्याकडेही बाहेर येतो, समजावतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला की नाही हे लूकने लिहिलेलंच नाही.

१२. माझी आजी वारकरी होती, येशूबद्दल कुणी तिला कधी सांगितलंच नाही. तिचं काय?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज बदलतो, म्हणून मी घाईने उत्तर देत नाही. एकाही माणसाचा निकाल सांगायचा अधिकार मला नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांनाही तारण मिळू शकतं, आणि तेही ख्रिस्ताच्याच कृपेने. पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्या इतकं म्हणत नाहीत, त्या रोम १० कडे बोट दाखवतात, ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील, असं तिथे आहे. मी अब्राहामाच्या प्रश्नाला धरून राहते, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही का (उत्पत्ती १८:२५). कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते सांगत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आले. त्यांच्या बाप्तिस्म्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत एकत्र आल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो पुढे १९०० मध्ये. देवाला घाई नव्हती, असं मला त्यावरून वाटतं. आजीबद्दल देवाशी बोला, तिच्या अभंगांसकट.

१३. वडील गेले, आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. आता कुणाशी समेट करू?

कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात. आपल्या मंडळ्यांत तशी प्रार्थना सहसा नाही, पण देवाला सगळे जिवंतच आहेत असं येशू म्हणतो (लूक २०:३८), म्हणजे वडिलांना सांगायचं राहिलेलं तुम्ही देवाजवळ बोलू शकता, तो दोघांना ओळखतो. चुका तुमच्या असतील त्या कबूल करा, त्यांच्या असतील त्याही नावानिशी सांगा, मेलेल्या माणसाला चांगलंच म्हणायचं म्हणून गिळू नका. मग बघा त्यांच्या मागे कोण उरलंय. आमच्या मंडळीत एकांचं वडिलांशी वीस वर्षं पटलं नव्हतं, ते आता दर शनिवारी वडिलांच्या एका म्हाताऱ्या मित्राकडे जातात, त्यांची औषधं भरून देतात, आणि तिथे बसून वडिलांच्या तरुणपणच्या गोष्टी ऐकतात.